हिरोशिगेच्या पावसाची जुनी पुनर्छपाई: हिला नक्कल म्हणायचं का?

मोगरावेल (धागालेखिका)

जपानी वुडब्लॉक प्रिंटबद्दल, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांबद्दल, इथे कुणाला माहिती आहे का? माझ्याकडे एक आहे आणि त्यावरून घरात वाद चालू आहे.

सासरे व्यापारी जहाजांवर इंजिनियर होते. साठच्या दशकात योकोहामा-कोबेला त्यांच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. तिथून आणलेलं हे चित्र जाड कागदाच्या घडीच्या पाकिटात आहे आणि पाकिटावर जपानी व इंग्रजी माहिती छापलेली आहे. चित्र हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं, ओहाशी पुलावर अचानक आलेल्या सरीचं. 'एडोची शंभर प्रसिद्ध दृश्ये' या मालेतलं (एडो म्हणजे आजचं तोक्यो), मूळ साल १८५७. माझी प्रत अर्थातच तेव्हाची नाही, ती पुन्हा छापलेली आहे हे पाकिटावरच स्पष्ट लिहिलंय.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: उभं चित्र आहे. वरच्या कडेला काळाकुट्ट ढग. खाली पिवळसर लाकडी पूल, त्यावर छत्र्या सावरत, कपडे वर खोचून, उघड्या पोटऱ्यांनी पळणारी माणसं. एकाचाही चेहरा धड दिसत नाही. नदीत ओंडक्यांचा तराफा हाकणारा एकटा माणूस. पलीकडचा काठ पावसात धूसर झालेला. आणि या सगळ्यावरून वरपासून खालपर्यंत तिरक्या बारीक रेषांचा पाऊस.

दीर म्हणतात, मूळ नाही ना, मग पोस्टरच समज. मला हे पटत नाही. कागद हातात घेतला की पोस्टर वाटतच नाही. तर दोन प्रश्न. हे हातानं छापलंय की यंत्रावर, कसं ओळखायचं? आणि हातानं छापलेलं असेल तर अशा पुनर्छपाईचं कलेच्या दृष्टीनं मोल काय? विकायचं नाहीये. भिंतीवर लावायचं आहे आणि लेकीला त्याबद्दल नीट सांगायचं आहे.

शाई_आणि_ठसा

मोगरावेल, आधी चित्र पालथं करून उजेडाकडे धरा.

मी मुद्राचित्रण शिकवतो, त्यामुळे सवयीनं आधी पाठच बघतो. हातानं छापलेलं असेल तर पाठीमागून रंग थोडा झिरपलेला दिसेल, मोठ्या रंगाच्या जागी तर नक्कीच. शिवाय गोल गोल घासल्याच्या पुसट खुणा दिसतील. पारंपरिक जपानी छपाईत प्रेस नसतो. ओला कागद ठशावर ठेवायचा आणि बारेन नावाच्या चपट्या गोल साधनानं पाठीवरून जोर देऊन घासायचं. बारेनला बाहेरून बांबूच्या कोंबाचं साल बांधलेलं असतं आणि आत पिळलेल्या दोरीचं वेटोळं असतं. त्याच खुणा मागे उमटतात.

मग भिंग घ्या. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते फोटोवरून केलेलं ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची छपाई, विषय संपला. ठिपके नसतील, रंग सलग असेल आणि त्यात कुठे लाकडाची नस उमटलेली दिसली तर लाकडी ठशांचंच काम आहे. कागदाची कड बघा, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद असेल तर लांब धागे दिसतील.

दादरकर

वाचतोय. चित्र शोधून पाहिलं. छत्री सावरत वाकून पुलावरून पळणारी माणसं! जुलैत टिळक पुलावर रोज हेच बघतो. या माणसानं आमच्या दादरचा पाऊस कधी पाहिला?

मोगरावेल

@शाई_आणि_ठसा, खूप आभार. पालथं केलं. गोल खुणा आहेत! नदीच्या निळ्याच्या मागे आणि ढगाच्या मागे रंग सरळ झिरपलेला दिसतोय. भिंगातून ठिपके कुठेच नाहीत. आणि एक गंमत दिसली. पावसाच्या रेषा एकाच रंगाच्या नाहीत. काही गडद, काही फिक्या, आणि दोन्हींचा कल किंचित वेगळा. त्यामुळे त्या मध्येच एकमेकींना छेदतात. इतकी वर्षं नुसत्या डोळ्यांनी पाहताना हे कधी जाणवलंच नव्हतं.

शाई_आणि_ठसा

बरोबर जागी भिंग धरलंत. या चित्रातला पाऊस दोन स्वतंत्र ठशांवर कोरलेला असतो, एक गडद सरींचा आणि एक फिक्या सरींचा. दोन्हींचे कोन जरासे वेगळे ठेवलेत म्हणून पावसाला खोली येते. एकाच ठशावर सगळ्या रेषा असत्या तर कागदावर नुसत्या रेघोट्या दिसल्या असत्या.

आता हे कोरायचं कसं, ते सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ठसा रानचेरीच्या कठीण लाकडाचा. चित्रकारानं पातळ कागदावर शाईनं काढलेलं रेखाटन त्या फळीवर पालथं चिकटवतात, वरून कागदाचा थर चोळून काढतात आणि रेषा स्पष्ट दिसू लागल्या की कोरायला बसतात. रेषा छापायची म्हणजे रेषा उंच ठेवायची आणि दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं. पावसाची केसाएवढी रेषा, वीतभर लांब, सरळ आणि कुठेही न तुटता फळीवर उभी ठेवायची. सुरी जरा आत गेली की रेषा उडाली.

आणि कोरताना ते रेखाटन संपतं. उरतच नाही. म्हणजे हिरोशिगेच्या हातचा 'मूळ कागद' १८५७ मध्येच लाकडाबरोबर तासला गेला. पुढे प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा. सगळे रंग जागच्या जागी बसावेत म्हणून प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि कडेला एक सरळ खाच, त्यांना केन्तो म्हणतात. कागद दरवेळी तिथेच टेकवायचा.

तेव्हा ज्याला आपण मूळ म्हणतो त्या १८५७ च्या प्रतीवरही हिरोशिगेचा हात फिरलेला नाही. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि पैसे घालून सगळं जुळवून आणणारा प्रकाशक वेगळा. या मालेचा प्रकाशक उओया एइकिची. तुमच्या प्रतीतही कुणीतरी चेरीची फळी नव्यानं कोरली आहे आणि कुणीतरी एकेक कागद घासून छापला आहे. तिला पोस्टर म्हणणं त्या दोघांवर अन्याय आहे.

पारखी

शाई_आणि_ठसा यांचं तांत्रिक विवेचन उत्तम. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

१८५७ ची पहिली छपाई झाली तेव्हा हिरोशिगे हयात होता. रंग कुठे गडद, ढगाची कड कुठे विरघळवायची, हे ठरवण्यात त्याचा शब्द होता. तो १८५८ मध्ये गेला. त्यानंतर शंभर वर्षांनी कुणी ते चित्र कोरतं तेव्हा तो रेखाटनावरून कोरत नाही, जुन्या छापावरून कोरतो. मधल्या काळात त्या छापाचे रंग उडालेले असतात. करडईच्या फुलांचा लाल आणि फुलांपासून केलेला निळा उजेडात टिकत नाहीत. मग नवा कारागीर अंदाज बांधतो. अंदाज कितीही चांगला असला तरी तो त्याचा असतो, हिरोशिगेचा नाही.

शिवाय याच चित्राच्या जुन्या प्रतींतही फरक आहेत. काहींत पलीकडच्या काठाशी दोन नावा दिसतात, काहींत नाहीत. ढगाचा आकारही बदलतो. पुनर्छपाई करणारा यातली एक प्रत निवडतो आणि पुढच्या लोकांना वाटतं, चित्र हेच.

मी जुन्या बाजारात पंचवीस वर्षं फिरतोय. या सुंदर पुनर्छपाया पाकिटातून काढून, समास कापून, चहाच्या पाण्यानं पिवळ्या करून 'दीडशे वर्षं जुनं' म्हणून खपवताना पाहिल्या आहेत. एका ऑनलाइन विक्रेत्यानं मला स्वतःला असाच एक विकायचा प्रयत्न केला होता. भिंग लावल्यावर गडी गप्प झाला. म्हणून म्हणतो, सीमारेषा पुसू नका.

सुमिदाकाठ

नमस्कार. बरीच वर्षं तोक्योत आहे, म्हणून थोडी भर.

आधी पुलाविषयी. शिन-ओहाशी आजही आहे, सुमिदा नदीवरच. पहिला लाकडी पूल १६९३ चा. आताचा १९७७ चा केबलचा आहे. मधला १९१२ चा लोखंडी पूल १९२३ च्या भूकंपात आणि आगीत टिकला आणि त्यावर आसरा घेतलेली पुष्कळ माणसं वाचली. त्याचा एक भाग आइची प्रांतात मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात नेऊन ठेवलाय. चित्रात पलीकडे जो धूसर काठ आहे तो आताके. शोगुनांच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या, नौकांचे तळ तिथे होते आणि आताके-मारू नावाच्या प्रचंड जहाजावरून त्या जागेचं नाव पडलं.

आता पुनर्छपाईबद्दल. इथे हा चोरीचा मामला नाही, राजरोस आणि मानाचा व्यवसाय आहे. तोक्योत आदाची ही संस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपासून हिरोशिगे, होकुसाई, उतामारो या जुन्या चित्रकारांची चित्रं नव्यानं कोरून छापते आहे. क्योतोची उन्सोदो १८९१ पासूनची. असाकुसात डेव्हिड बुल नावाच्या कॅनडाहून आलेल्या गृहस्थांची कार्यशाळा आहे. त्यांनी शुन्शो या जुन्या चित्रकाराच्या शंभर कवींच्या मालेतली शंभर चित्रं दर वर्षी दहा अशी दहा वर्षं एकट्यानं कोरून छापली, १९८९ ते १९९८. तिथे जाऊन स्वतः एखादा कागद छापून बघता येतो. मी छापलाय. ढगासारखा विरघळता रंग काढणं किती अवघड आहे ते तेव्हा कळलं. ओल्या ठशावर ब्रशच्या एका कडेलाच रंग घ्यायचा आणि झटकन ओढायचा. प्रत्येक कागदासाठी नव्यानं. पाणी जरा जास्त झालं तर रंग पसरतो, कमी झालं तर पट्टा दिसतो.

मोगरावेल, समासात काही बारीक अक्षरं छापलेली आहेत का? पाकिटात असतील तर फोटो टाका. युद्धोत्तर पुनर्छपायांवर बहुतेक वेळा असतात.

पिंपळपान

बाळबोध प्रश्न विचारतो. हिरोशिगेच्या काळात हे चित्र केवढ्याला मिळायचं? तेव्हाही श्रीमंतांच्याच भिंतीवर का?

सुमिदाकाठ

नाही हो, उलट. एक-दोन वाट्या सोबा नूडल्सच्या किमतीत सुटं चित्र मिळायचं. रस्त्यावरच्या दुकानांत टांगलेली असत. एडो बघायला आलेले लोक गावी नेण्यासाठी घेत. या मालेत एकूण ११९ चित्रं आहेत. काम १८५६ मध्ये सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी एडोत मोठा भूकंप झाला होता, तेव्हा नव्यानं उभं राहणारं शहर बघायची लोकांना ओढ होतीच.

तैलरंग

हे वाचून आपल्याकडचा रविवर्मा प्रेस डोळ्यांसमोर आला. १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांनी तो विकत घेतला. लक्ष्मी-सरस्वतीच्या ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रांवरून दगडावर छापलेल्या रंगीत प्रती, घरोघरी गेल्या त्या तिथून. माझ्या आजोळी देवघराच्या वर लक्ष्मी होती, तिच्या साडीला खरी जर आणि टिकल्या लावलेल्या. आज त्या जुन्या ओलिओग्राफना संग्राहक शोधत फिरतात. त्याही छापीलच ना? मग 'मूळ नाही' म्हणून कुणी त्या फेकतं का?

शाई_आणि_ठसा

@तैलरंग, आठवण छान, पण दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. रविवर्म्यांच्या ओलिओग्राफमागे एक तैलचित्र आहे. दगडावरून कितीही रंगांत छापलं तरी ते त्या तैलचित्राकडे बोट दाखवतं. हिरोशिगेच्या पावसामागे असं काहीच नाही. छापलेला कागद हेच चित्र. तो छापण्यासाठीच रचला गेला. म्हणून मी म्हणतो की ठसे झिजल्यावर नवे कोरून छापणं ही त्या चित्राला परकी गोष्ट नाही.

@पारखी, पहिल्या छपाईवर हिरोशिगेची नजर होती, हे मान्य. पण प्रकाशक मागणी असेपर्यंत छापत राहत असे. झिजलेल्या ठशांवर, रंगांच्या छटा गाळून, घाईनं काढलेल्या १८६० च्या आसपासच्या प्रती तुम्हीही पाहिल्या असतील. ढग म्हणजे नुसता काळा पट्टा, नदीचा निळा सपाट. वयानं त्या 'मूळ' आहेत. तरी मला विचाराल तर मन लावून केलेली विसाव्या शतकातली पुनर्छपाई अशा प्रतीपेक्षा हिरोशिगेच्या जास्त जवळ जाते.

पारखी

जास्त जवळ जाते, हे कशावरून ठरवणार? पहिल्या छपाईची चांगली प्रत शेजारी ठेवूनच ना? म्हणजे मोजपट्टी शेवटी तीच राहिली.

आणि सीमारेषा पुसली की काय होतं याचा दाखला इतिहासात आहे. फ्रँक लॉइड राइट हा मोठा वास्तुविशारद जपानी छापांचा तेवढाच मोठा संग्राहक आणि विक्रेताही होता. तोक्योत इम्पीरियल हॉटेल बांधत असताना त्यानं प्रचंड खरेदी केली आणि अमेरिकेतल्या संग्राहकांना विकली. १९२० च्या सुमारास त्यातल्या बऱ्याच छापांवर नव्यानं रंग चढवल्याचं उघडकीला आलं. जुना, खरा, पण उडालेला छाप घ्यायचा आणि त्यावर नव्या ठशांनी ताजा रंग बसवायचा. राइटला माल परत घ्यावा लागला. आयुष्य छापांत घालवलेला माणूस फसला. कारण काम करणारे कारागीर अव्वल होते! कौशल्य हीच प्रामाणिकपणाची खात्री, असं धरून चालत नाही.

दादरकर

पारखीकाका, हे नवीन कळलं. जबरदस्त.

वेरूळवाट

मी संभाजीनगरचा, त्यामुळे नकला म्हटलं की मला अजिंठाच आठवतो. थोडं विषयांतर वाटेल, पण जपानशी धागा जुळतो.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं जवळजवळ दोन दशकं घालवली. त्याच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून कामाला लागले. त्यांच्याही शंभराहून अधिक प्रती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातल्या आगीत सापडल्या. १९१७-१८ मध्ये जपानहून आराई काम्पो हा चित्रकार अजिंठ्याला आला, लेण्यांत बसून त्यानं नकला केल्या. त्या तोक्योला नेल्या आणि १९२३ च्या भूकंपातल्या आगीत त्याही गेल्या.

ग्रिफिथ्सच्या ज्या प्रती वाचल्या त्यांत आज असे तपशील दिसतात जे भिंतीवर उरलेले नाहीत. रंग पडून गेले, पोपडे निघाले. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उभं राहून मी त्या प्रतींचे फोटो भिंतीशी ताडून पाहिले आहेत. एका ठिकाणी भिंतीवर नुसता तपकिरी डाग आहे आणि प्रतीत तिथे माणूस बसलेला आहे. जे. जे.च्या कुणा विद्यार्थ्यानं तो काढून ठेवला म्हणून आपल्याला ठाऊक आहे की तिथे माणूस होता. नक्कल हा शब्द मला तरी तुच्छतेनं वापरता येत नाही.

सुमिदाकाठ

@वेरूळवाट, फार आवडला प्रतिसाद. १९२३ च्या त्याच आगीत इथल्या वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाचं दुकानही गेलं. नव्या वळणाची वुडब्लॉक चित्रं त्यानं पुढे आणली, जुन्या चित्रांच्या पुनर्छपायाही केल्या. कोरलेले ठसे, छापलेला माल, सगळं खाक. त्यानं पुन्हा सुरुवात केली आणि कावासे हासुईसारख्या चित्रकारांची उत्तमोत्तम चित्रं भूकंपानंतरच्या काळातली आहेत.

आणि तुमच्यासाठी खास: योशिदा हिरोशी हा चित्रकार १९३०-३१ मध्ये भारतात फिरला. ताजमहाल, काशीचे घाट, उदयपूर यांच्याबरोबर अजिंठा-वेरूळही त्याच्या छापांत आहेत. स्वतःच्या देखरेखीत छापलेल्या प्रतींच्या समासात तो एक छोटा शिक्का मारत असे. तो शिक्का असला की किंमत वेगळी, त्याच ठशांवरून त्याच्या मागे घरच्यांनी छापलेली असली की वेगळी. दोन्ही खऱ्याच, फक्त कुठली कुठली ते कागदावर दिसतं.

वेरूळवाट

वेरूळ जपानी छापात! आजची संध्याकाळ शोधण्यात जाणार.

पिंपळपान

हेच ते चित्र ना ज्याची व्हॅन गॉगनं नक्कल केली? तैलरंगात?

तैलरंग

हो, १८८७ मध्ये, पॅरिसला. ते आता ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. त्यानं कडेनं जपानी अक्षरांची चौकट रंगवली, ती अक्षरं दुसऱ्या छापांवरून उचललेली. निळा-हिरवा जास्त भडक केला, नदीत ब्रशचे फटकारे ठेवले. पाऊस मात्र त्याला हिरोशिगेसारखा साधला नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तैलरंगाच्या रेषेला जाडी येते. लाकडात सुरीनं राखलेल्या रेषेचा ताठपणा ब्रशला कुठून येणार?

शाई_आणि_ठसा

@तैलरंग, सहमत. आणि निळ्यावरून आठवलं. नदीतला तो गडद निळा युरोपातून आलेला, प्रशियन ब्लू. जपानी लोक त्याला बर्लिनच्या नावानंच ओळखत. १८२० च्या दशकाअखेर तो स्वस्त झाला आणि होकुसाईच्या लाटेच्या प्रसिद्ध चित्रापासून हिरोशिगेच्या नद्यांपर्यंत सगळीकडे पोचला. उजेडातही बऱ्यापैकी टिकतो. बर्लिनचा निळा एडोला गेला, हिरोशिगेच्या नदीत उतरला आणि त्यानंतर तीस वर्षांनी व्हॅन गॉग पॅरिसमध्ये बसून ती नदी रंगवू लागला!

ज्यांना चांगली जुनी प्रत बघायची असेल त्यांनी ब्रुकलिन म्युझियमच्या संकेतस्थळावर जा. त्यांच्याकडे अख्खी माला आहे आणि सगळी चित्रं मोठी करून बघता येतात. मोगरावेल, तुमची प्रत शेजारी ठेवून ढगाची खालची कड ताडून बघा.

मोगरावेल

बापरे, किती माहिती! लेकीला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. तिला तराफेवाला आवडलाय. सगळे पळताहेत आणि तो एकटाच भिजत काम करतोय, म्हणाली.

ब्रुकलिनच्या प्रतीशी ताडून पाहिलं. माझ्या प्रतीतला पुलाचा पिवळा जास्त उजळ आहे. ढगाची कड वेगळी आहे, पण विरघळलेली आहे, पट्टा नाही. पाऊस जवळजवळ तसाच. पारखीकाका, तुमचं म्हणणंही पटतंय. ही हिरोशिगेच्या देखरेखीतली प्रत नाही, हे मी कधीच विसरणार नाही.

समासात डावीकडे खाली बारीक जपानी अक्षरांच्या दोन ओळी आहेत. फोटो टाकलाय. भिंतीवर लावताना काय काळजी घ्यायची तेही सांगा. आम्ही ठाण्याला राहतो, पावसाळ्यात भिंतींना ओल येते.

कागदवेडी

कागदांच्या जतनाचं काम करते, म्हणून हे माझ्याकडे.

ओल येणाऱ्या भिंतीवर अजिबात नको. बाहेरची भिंत टाळा, दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडा. थेट ऊन कधीच नको, समोर खिडकी असेल तरी नको. ब्रुकलिनसारखं संग्रहालयही ही माला सतत मांडून ठेवत नाही. २०२४ मध्ये त्यांनी ती २४ वर्षांनी बाहेर काढली होती. तुम्हीही वर्षातले काही महिने लावा आणि मग पाकिटात ठेवा.

काच आणि कागद यांच्यात अंतर हवं, म्हणून माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट, हवाच, आणि तो आम्लविरहित. कागद काचेला चिकटला की बुरशी आलीच. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांतलं काहीही जवळ आणू नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीनं लावायच्या आणि चित्र त्यांवर लटकवायचं. खळ पाण्यानं सुटते, त्यामुळे पुढे कधीही काढता येतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून मागे बघा. कसर लागली तर ती खळ आधी खाते, मग कागद.

सुमिदाकाठ

मोगरावेल, फोटो नीट वाचता आला. त्या दोन ओळींत कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव आहे. नावं इथे टाकत नाही, तुम्हाला निरोपात देवनागरीत लिहून पाठवली आहेत. उच्चारही दिलेत.

पारखी

हे उत्तम झालं. १८५७ च्या बहुतेक छापांवर कोरणाऱ्याचं नाव नसतं. या मालेत काही थोड्या चित्रांवर आहे, पण छापणारा तर जवळपास कायमच निनावी. तुमच्या प्रतीवर दोघंही आहेत.

माझं मत बदललेलं नाही. ही प्रत १८५७ च्या प्रतीच्या पंक्तीत बसत नाही. पण हिच्यावर हिचे स्वतःचे कर्ते लिहिलेले आहेत, तेव्हा हिला दुसऱ्या कुणाचं सोंग घ्यायची गरजच नाही. फ्रेमच्या मागे चिठ्ठी लावा: 'उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) यांच्या १८५७ च्या छापावरून, विसाव्या शतकात नव्यानं कोरून हातानं छापलेली प्रत', खाली त्या दोघांची नावं, आणि सासऱ्यांनी कुठून आणली ते. उद्या ही कुणाच्याही हाती गेली तरी त्याला फसवता येणार नाही आणि फसताही येणार नाही.

शाई_आणि_ठसा

पारखी, यावर आपलं एकमत. चिठ्ठी आम्लविरहित कागदावर, पेन्सिलीनं.

मोगरावेल

नावं मिळाली. चिठ्ठी लेक लिहिणार आहे, अक्षर तिचंच चांगलं आहे. शनिवारी फ्रेमवाल्याकडे जातेय.

कागदवेडी

जाण्याआधी एक. फ्रेमवाले चित्र 'सरळ' करण्यासाठी समास कापतात, नाहीतर माउंटची खिडकी चित्राच्या कडेपर्यंत आणून समास झाकून टाकतात. दोन्ही करू देऊ नका. खिडकी समासाच्या बाहेर ठेवायला सांगा, म्हणजे ती दोन नावं काचेतून वाचता येतील. आणि कापताना समोर उभ्या राहा.